जबडा कुठल्या खात्यात येतो?

माइकबाईंचा जबडा अडकला तो भर बैठकीत, आणि तोही नको त्या क्षणी.

आगारप्रमुख साहेबांनी नुकतंच जाहीर केलं होतं की बसस्थानकावरच्या घोषणा यापुढे यंत्र करणार. यंत्राला चहा लागत नाही, रजा लागत नाही, सर्दी होत नाही, असे त्याचे सगळे गुण सांगून झाल्यावर साहेबांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" हा प्रश्न विचारायची साहेबांची खास पद्धत होती. विचारता विचारताच ते समोरचे कागद गोळा करायला लागत आणि खुर्ची मागे सरकवत.

माइकबाई उठल्या. त्यांना म्हणायचं बरंच होतं. या स्थानकावर कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, कुठला चालक सांगितल्याशिवाय हॉर्न वाजवत नाही आणि कुठला सांगितलं तरी थांबवत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. हमालापासून चालकांपर्यंत सगळे त्यांना माइकबाईच म्हणत. तर माइकबाईंनी चष्मा सारखा केला, पोटभर श्वास घेतला आणि तोंड उघडलं. उजव्या कानाखाली 'कट्' असा आवाज झाला. जबडा जेमतेम एक बोटभर खाली आला आणि अडून बसला. पुढचं सगळं तडाखेबंद भाषण मागच्या मागे अडकलं आणि बाहेर आलं ते फक्त "म्म्ह".

"मॅडमची हरकत नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या बैठकीत कायम करू."

आयुष्यभर ज्या बाईने तोंडाच्या जोरावर दीडदोनशे चालकांना सरळ केलं, तिला हरकत नाही! माइकबाई रिक्षात बसल्या तेव्हा जबड्यापेक्षा तेच जास्त ठणकत होतं.

घरी माइकबाईंचे यजमान होते. ते नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करायचे आणि बोलणं हा प्रकार त्यांनी लग्नानंतर बायकोकडे सोपवून टाकला होता. माइकबाईंनी खुणा करून झाला प्रकार सांगितला. यजमानांनी तो लक्षपूर्वक पाहिला आणि विचारलं, "दुखतंय?" माइकबाईंनी मान डोलावली. मग यजमान स्वयंपाकघरात गेले आणि घरात असेल नसेल ते मिक्सरमधून फिरवायला लागले. संकटात हा माणूस बोलत नाही, काहीतरी हातात घेतो.

जबडा अडकला ही बातमी इमारतीत पसरायला जबड्याची गरज नसते. सर्वांत आधी वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले. त्यांनी माइकबाईंना उजेडात उभं केलं आणि निदान सांगितलं, "गंज चढलाय. चावा. दिवसभर चावत राहा. च्युइंगम घ्या, कडक पाव घ्या, काही नसेल तर खोडरबर घ्या." हेडमास्तरांचा स्वर असा होता की माइकबाईंनी, खरंच, दोन दिवस च्युइंगम चघळलं. गाल टम्म सुजला. हेडमास्तर पुन्हा आले, गाल पाहून प्रसन्न झाले आणि म्हणाले, "बघा, स्नायू तयार होतायत."

मग नणंद आली. नणंद म्हणजे घराण्यातला सल्लागार विभाग. "वहिनी, दार अडकलं तर आपण काय करतो? फटीत काहीतरी घालतो आणि हळूहळू ढकलतो." हे बोलता बोलता तिने लाकडी डावाचा दांडा वहिनीच्या दातांमध्ये सरकवला. दांडा आत गेला. बाहेर येईना. नणंद ढकलत होती, यजमान ओढत होते, माइकबाई दोघांना हातांनी मारत होत्या, आणि नेमकी दारावरची घंटा वाजली.

दारात आगारप्रमुख साहेब. हातात फुलं, मागे यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा टाय घातलेला माणूस.

"मॅडम, तब्येत विचारायला आलो," साहेब म्हणाले आणि डावाकडे बघणं टाळायचा प्रयत्न करत सोफ्यावर बसले. "तुमच्यासाठी एक चांगला तोडगा काढलाय. बऱ्या झालात की यांच्याकडे एकदाच सगळे शब्द बोलून जायचे. गावांची नावं, आकडे, 'सुटेल', 'येईल', 'रद्द'. पुढे यंत्र ते जोडून घेईल. म्हणजे बघा, आवाज तुमचाच आणि तुम्ही घरी आरामात!"

"आवाज कायम राहील," टायवाला म्हणाला. "तुम्ही नसलात तरी."

हे ऐकून माइकबाईंनी असा काही हिसडा दिला की डाव निघून थेट फुलांवर पडला. त्यांना बोलता येत नव्हतं. पण दरवाजा कुठे आहे हे दाखवता येत होतं. त्यांनी तो दाखवला. साहेब उठता उठता यजमानांना म्हणाले, "फार त्रासलेल्या दिसतात." यजमानांनी दार उघडून धरलं. ते मुद्दाम होतं की सौजन्याने, हे कुणालाच कळलं नाही.

खरं सांगायचं तर त्या दुपारी माइकबाई न्हाणीघरात जाऊन रडल्या. धड तोंड उघडून रडताही येत नव्हतं. आवाज गेला तर आपण कोण उरलो, हा प्रश्न त्यांनी आजवर स्वतःला विचारलाच नव्हता. विचारायला वेळ कुठे होता, दर पाच मिनिटांनी गाडी सुटायची. मग तोंड धुऊन त्या बाहेर आल्या, कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दवाखाना. उद्या. मोठा.'

मोठ्या दवाखान्यात पहिली अडचण खिडकीवर आली. "कुठला विभाग?" बाईंनी कानाखाली बोट ठेवलं. कानाच्या विभागात पाठवलं. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, "कान उत्तम." तिथून दातांकडे. दातांच्या डॉक्टरांनी ज्या काही फटीतून दिसेल ते पाहिलं आणि सांगितलं, "या वयात इतके उत्तम दात बघायला मिळत नाहीत." तिथून हाडांकडे. फोटो काढला. "हाडं उत्तम." बाकावर बसून बाईंनी दातांच्या फटीतून यजमानांना सांगितलं, "म्हणजे सगळे भाग उत्तम. मीच तेवढी बिघडलेय."

इकडे आगारात रजेचा वेगळाच घोळ. आस्थापना शाखेतल्या कारकुनाने फोन केला. तो यजमानांनी घेतला, म्हणजे कानाला लावला.

"संगणकात आजार भरायचाय. जबडा त्यात नाहीये. डोकं घालू का?"

पलंगावरून माइकबाईंनी जोरजोरात नकाराच्या खुणा केल्या.

"डोकं नको," यजमान म्हणाले.

"मग घसा?"

"नको."

"अहो, काहीतरी घ्यावं लागेल! मान घेतो. मान जवळ आहे."

मान घेतली. आणि सरकारी काम कधी नव्हे ते इतकं चपळ निघालं की आठवड्याच्या आत कर्मचारी कल्याण शाखेकडून मानेचा पट्टा आला, सोबत सक्त सूचना: रजेच्या काळात पट्टा घातलेला नसल्यास रजा नामंजूर. तो पट्टा हनुवटी खालून वर ढकलायचा. एक बोट उघडणारं तोंड आता अर्धं बोट उघडायला लागलं. पट्टा घातलाय का ते बघायला तपासनीस आला तेव्हा माइकबाई पट्टा घालून, मिक्सरमधला पातळ बटाटा नळीने ओढत बसल्या होत्या. तपासनीसाने शेरा मारला, 'कर्मचारी समाधानी.'

शेवटी एका शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे जाणं झालं. माणूस हुशार, हात स्वच्छ, बोलणं चटचट. म्हणाले, "सांध्यातली चकती सरकलीय. कानापुढून छोटीशी चीर देऊ, नीट बसवू. तारीख आत्ताच ठरवून टाका."

"न करता?" माइकबाईंनी फटीतून विचारलं.

"न करता वाट बघत बसाल."

"करून... आवाज... पूर्वीसारखा?"

"मी जबडा उघडून देईन. आवाजाचं माझ्याकडे नाही." मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, पेनाचं टोपण लावत म्हणाले, "हे बघा, ऑपरेशन ही काही पहिली पायरी नव्हे, हे मलाही मान्य आहे. तिसऱ्या मजल्यावर तिघंजण मिळून जबड्याचे रुग्ण बघतात. धीर असेल तर जा. पण आधीच सांगतो, तिथे कापाकापी नाही, काही नाही. तिथे बरंचसं नुसतं बोलतात."

नुसतं बोलतात! हे शब्द ऐकल्याबरोबर माइकबाई उठल्याच. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एक गोल टेबल होतं आणि त्याभोवती तिघं बसले होते: सांध्याचं पाहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, एक दणकट फिजिओथेरपिस्ट आणि एक शांत समुपदेशिका. चौथी खुर्ची माइकबाईंची, पाचवी यजमानांची. माइकबाई कुठल्याही दवाखान्यात आजवर इतका वेळ बसल्या नव्हत्या. तिघांनी आळीपाळीने तपासलं आणि मग त्यांच्यादेखतच चर्चा सुरू केली.

"आधी सूज उतरू दे. मऊ खाणं, ऊब, रात्री दातांवर प्लास्टिकची पट्टी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि व्यायाम आजपासून," फिजिओ म्हणाला. "मान बघा ना, एका बाजूला झुकलीय. फोन खांद्यात धरून वर्षं काढलीत यांनी."

"आज नको. घाबरलेल्या आहेत त्या," समुपदेशिका म्हणाली.

"मी? घाबरले?" माइकबाईंचं तोंड अर्ध्याऐवजी एक बोट उघडलं.

"आणि च्युइंगम कुणी सांगितलं होतं?" फिजिओने विचारलं.

यजमानांनी बोट वर, छताकडे केलं. फिजिओला वाटलं देवाने. पण यजमान हेडमास्तरांबद्दल सांगत होते.

मानेचा पट्टा डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने काढला आणि तिघांनी सहीनिशी लिहून दिलं की रुग्णाला मान आहे, पण तिला काही झालेलं नाही. त्यावर आस्थापना शाखेने खुलासा मागवला की मग रजा कसली. त्यावर पुन्हा तिघांनी लिहून दिलं. हा पत्रव्यवहार, माझ्या माहितीप्रमाणे, अजून चालू आहे.

उपचार म्हणाल तर दिसायला काहीच नव्हता. कोमट कापडाने शेकायचं. मोठे घास नाहीत, कडक नाही, जांभई आली तर मुठीवर हनुवटी टेकून द्यायची. मुख्य म्हणजे वरचे खालचे दात एरवी एकमेकांना लागता कामा नयेत. "जेवताना सोडलं तर दातांची भेट होण्याचं काही कारण नाही," फिजिओ म्हणाला. "'न' म्हणताना जीभ टाळूला जिथे टेकते ना, तिथे ठेवायची. ओठ मिटलेले, दात सुटे. दिवसभर तोंडात 'न' धरून ठेवा." नकाराचं अक्षर दिवसभर तोंडात ठेवायचा हा पहिलाच उपचार माइकबाईंना मनापासून पटला.

आठवण राहावी म्हणून घरभर लाल टिकल्या चिकटवायला सांगितल्या होत्या. टिकली दिसली की दात सुटे करायचे. नकाशे काढणाऱ्या माणसाच्या हातात टिकल्या दिल्यावर काय व्हायचं ते झालं. कपाट, आरसा, फ्रिज, खुर्च्यांचे हात, घड्याळ, सगळीकडे समान अंतरावर टिकल्या. हेडमास्तर आले, विकलेल्या सामानाला खूण करतात तशा त्या टिकल्यांवरून नजर फिरवून हळू आवाजात म्हणाले, "घर रिकामं करताय? हे कपाट कुणाला दिलं नसेल तर मला सांगा." नणंदेने कपाळाला हात लावला: "वहिनी, तोंड उघडत नाही म्हणून कुणी संसार विकतं का?" त्यावर माइकबाईंनी जे उत्तर दिलं ते इतकं सविस्तर होतं की मध्येच कट् झालं आणि जबडा पुन्हा जिथल्या तिथे.

त्या तशाच तिसऱ्या मजल्यावर गेल्या आणि टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "झालं! गेलं सगळं फुकट!"

"गेलं नाही," फिजिओ म्हणाला. "असं होतं. चढउतार होणारच. बसा, शेक घ्या." त्याने दोन बोटांनी गालाचा स्नायू दाबून हळूहळू सैल केला. माइकबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखलं म्हणून नव्हतं. कुणीतरी घाबरलं नाही, म्हणून आलं होतं.

त्याच दिवशी समुपदेशिकेने विचारलं, "तुम्ही दात आवळता कधी, ते काही लक्षात आलं का?"

"मी आवळतच नाही. मी मनात ठेवणारी बाई नाही. जे असेल ते तोंडावर."

समुपदेशिका यजमानांकडे वळली. "तुम्हाला काय वाटतं?"

यजमानांनी बराच वेळ टोपीशी चाळा केला. मग म्हणाले, "फोन आला की."

"कुणाचा फोन?"

"आगाराचा. 'हो साहेब' म्हणते तेव्हा. इथे गाठ येते." त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावला. "पूर्वी रोज यायची. मी बघत असतो."

माइकबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. घरात, बाजारात, चालकांशी, नणंदेशी त्या तलवारीसारख्या चालायच्या. पण माइकसमोर बसलं की कागदावर येईल तेच वाचायचं. ऐनवेळी फलाट बदलला, हो साहेब. गाडी रद्द झाल्याचं प्रवाशांना सांगू नका, हो साहेब. आणि खिडकीपलीकडचे प्रवासी शिव्या देणार ते मात्र बाईंना. एवढी वर्षं त्या गिळत होत्या, आणि ज्या माणसाचं घरात लक्ष नाही असं त्या सगळ्यांना सांगायच्या, तो ते बघत होता.

"मग बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"मला जागा कुठे होती?" यजमान म्हणाले. आणि माइकबाई हसल्या. दुखत असतानाही हसल्या. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात मोजून घेतलं: दीड बोट.

पुढे हळूहळू दोन बोटं झाली. रात्री दातांवर पारदर्शक पट्टी, सकाळी आरशासमोर सरळ रेषेत तोंड उघडणं, मान सरळ, खांदे खाली. कधी पुढे जायचं, कधी मागे. सांध्यातला आवाज राहीलही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "आवाज राहिला तरी चालेल, दुखायला नको आणि अडायला नको."

बैठक जवळ आली. तिघांनी एकमताने सांगितलं, "बोला. पण सावकाश. वाक्यं छोटी. मध्ये थांबा. चिडलात तरी दात सुटे ठेवून चिडा." दात सुटे ठेवून चिडायचा सराव माइकबाईंनी यजमानांवर केला. दातओठ न खाता भांडणं हे किती कठीण आहे ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आवाज आपोआप खाली येतो, आणि समोरच्याला प्रत्येक शब्द ऐकू जातो.

दरम्यान आगारात यंत्र चाचणीवर बसलं होतं. त्याचा आवाज गोड होता. त्या गोड आवाजात त्याने एक दिवस दुपारभर सगळ्या गाड्या चौथ्या फलाटावर लावल्या. चौथ्या फलाटावर त्या दिवशी ओलं सिमेंट होतं.

बैठकीत साहेबांनी विषय वाचला, कागद गोळा करायला घेतले आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

माइकबाई उभ्या राहिल्या. साहेबांची खुर्ची मागे सरकली. माइकबाई थांबल्या. खुर्ची पुढे येईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "माझी हरकत आहे."

"मॅडम, तब्येत अजून..."

"तब्येतीला हरकत नाही. मला आहे." श्वास. "यंत्र जे सांगाल ते बोलेल. माझ्या खोलीला खिडकी आहे." श्वास. "गाडी मागे घेताना तिच्यामागे म्हातारा उभा असतो. ते कागदावर येत नाही. मला दिसतं. मी ओरडते. गाडी थांबते." श्वास. "चौथ्या फलाटावर अजून पावलं आहेत. सिमेंटमध्ये. जाऊन बघा."

मध्ये बोलायला जागा खूप होती, पण त्या थांब्यांमध्ये कुणाची बोलायची हिंमत होईना. चालकांचा प्रतिनिधी तर श्वासाच्या प्रत्येक जागी मान डोलावत होता. माइकबाई घोषणा करतात तशा बोलल्या नाहीत. दोन बोटं तोंड उघडून, सांध्यात अधूनमधून कट् होत असताना, त्या स्वतःचं बोलल्या. खांद्यात धरायच्या फोनऐवजी कानाला लावायचा फोन हवा, दर तासाला विश्रांती हवी, आणि गाडी रद्द झाली तर रद्द झाली असंच सांगणार, हेही बोलल्या.

यंत्राचा प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला. रद्द झाला नाही. आगारात काही रद्द होत नसतं. यंत्राला सामानगृहाबाहेर बसवलं, तिथे ते बेवारस वस्तूंना हात लावू नका असं अत्यंत गोड आवाजात सांगतं.

सगळे पांगल्यावर साहेबांनी बाईंना थांबवून घेतलं. दार लोटलं आणि आवाजात मध घातला. "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. वरच्या मजल्यावर तुम्हाला स्वतंत्र खोली देतो. देखरेखीचं काम. बोलायची दगदग नाही. घरी जा, शांतपणे विचार करा आणि उद्या सांगा." एवढं बोलून ते उठले.

"साहेब," माइकबाई म्हणाल्या, "शांतपणेच विचार करत होते इतकी वर्षं. त्यातच जबडा गेला. आता मी मोठ्याने विचार करणार आहे, आणि आत्ताच करणार आहे. वेळ लागेल. बसा."

साहेब बसले.